रुमाल टाकलेली ओळ

एक्सेलच्या चौकटींत एस.टी. चालवणारा माणूस अख्ख्या जगात एकच आहे आणि तो माझ्या नशिबी मामेसासरा म्हणून आला. हे मी कौतुकाने सांगते आहे असं कुणी समजू नये. लग्न होऊन सोलापुरात आल्यापासून मी जेवढी चिडले आहे, त्यातला निम्मा राग या एका माणसावर खर्च झालाय. उरलेला निम्मा नवऱ्यावर, आणि तोही मामांची बाजू घेतल्याबद्दल.

माझं काम सांगते, म्हणजे माझा संताप कळेल. मी मूळची बार्शीची. घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीसाठी प्रोग्राम लिहिते. लोकांनी आपापल्या बुद्धीने भरलेल्या एक्सेलच्या फायली वाचायच्या आणि त्यांतून कॉम्प्युटरला कळेल अशी नीट रचलेली माहिती काढायची, हा माझा रोजचा उद्योग. त्यासाठी मी एक छोटीशी लायब्ररी वापरते. लायब्ररी म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला तयार कोड. तिला फाइल दिली की ती वरपासून खाली एकेक ओळ वाचते आणि प्रत्येक ओळीची एक नोंद करून आपल्या हातात ठेवते: हे नाव, हे गाव, हा फोन. फार गुणी आहे ती. तिची अपेक्षा इतकीच असते, की एका चौकटीत एकच गोष्ट असावी आणि यादी यादीसारखी असावी. ही एवढीशी अपेक्षा मामांनी कधीही पूर्ण केलेली नाही.

मामा तीस-बत्तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ते गाडीतून उतरलेच नाहीत. कुणाच्याही घरी गेले की उंबऱ्यातच उभे राहतात आणि आत कितीही मोकळी जागा असली तरी म्हणतात, पुढं सरका, मागची माणसं यायचीत. आमच्या वास्तुशांतीला तर त्यांनी दारातच ठाण मांडलं. येणाऱ्या प्रत्येकाला कुठून आलात विचारायचं आणि गावाप्रमाणे पंगतीत बसवायचं. वैरागच्या दोन चुलत जावा गेली कित्येक वर्षं एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. त्या दोघींना मामांनी शेजारी शेजारी बसवलं. मी कपाळावर हात मारून घेतला, तर मला म्हणाले, एकाच स्टॉपच्या हायत, येगळ्या कशाला बसवायच्या? मग पंगत भरली हे बघून त्यांनी दोनदा टाळी वाजवली आणि वाढप्यांना निघायची खूण केली. त्या दोघी जावा जेवताना बोलायला लागल्या ही गोष्ट खरी आहे, पण ती मी मामांना अजून सांगितलेली नाही. सांगितली की ते डोक्यावर बसतील.

आता त्या यादीकडे येते. नोकरीत असताना एकदा त्यांच्या गाडीत एक बाई रडत बसली होती. तिच्या नवऱ्याला रक्त हवं होतं आणि मिळत नव्हतं. मामांनी गाडी थांबवली, मधल्या जागेत उभं राहून रक्तगट मोठ्याने सांगितला आणि कुणाचा आहे का विचारलं. मागच्या बाकावरचा एक गवंडी हात वर करून उठला. त्या दिवसापासून मामा तिकिटं फाडता फाडता रक्तगट विचारायला लागले. वही झाली, वहीच्या वह्या झाल्या. निवृत्तीनंतर माझ्या नवऱ्याने आपला जुना लॅपटॉप त्यांना दिला, एक्सेल कसं उघडायचं ते दाखवलं आणि माझ्या आयुष्याची माती केली.

कारण ती वही एक्सेलमध्ये गाडीत बसूनच आली. एक शीट म्हणजे एक रूट. सोलापूर ते बार्शी, सोलापूर ते अक्कलकोट, मंगळवेढ्यावरून सांगोला. आणि शीटमध्ये माणसं अक्षराच्या क्रमाने नाहीत की रक्तगटाप्रमाणे नाहीत, स्टॉपच्या क्रमाने आहेत. कुंभारीच्या फाट्यावरचा न्हावी आधी, मग वळसंगचे, मग अक्कलकोटचे. मी म्हटलं, मामा, आडनावाप्रमाणे लावा ना, शोधायला सोपं जाईल. त्यावर त्यांनी माझ्याकडे विनातिकीट प्रवाशाकडे बघतात तसं बघितलं आणि म्हणाले, "आडनावावर माणूस घावतो व्हय? माणूस स्टॉपवर घावतो."

दवाखान्यातल्या लोकांना फोनवर रक्तगट टाकून माणूस शोधता यावा, म्हणून या यादीचं एक अ‍ॅप करून द्यायचं मी कबूल केलं. कुणी सांगितलं नव्हतं, मलाच हौस. मामा अ‍ॅपला हात लावणार नव्हते. ते दर महिन्याला एक्सेलची फाइल पाठवणार आणि माझा प्रोग्राम ती वाचून अ‍ॅप भरणार, असं ठरलं. पहिली फाइल उघडली आणि माझं डोकं फिरलं. एकाच चौकटीत दोन फोन नंबर आणि मध्ये लिहिलेलं, दुपारी शेजारच्याच्या फोनवर. गावाचं नाव पंधरा ओळींच्या चौकटी एकत्र करून मधोमध उभं. शेवटचं रक्त कधी दिलं त्या रकान्यात तारखेऐवजी 'गड्ड्याच्या जत्रेनंतर' किंवा 'थोरलीच्या साखरपुड्याआधी'. कुणाची थोरली, तर ते मामांना माहीत. बार्शीच्या शीटमध्ये वैरागची माणसं संपली की एक अख्खी ओळ जोडून ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'गाडी दहा मिनिटं थांबेल'. मी फोन करून विचारलं, हे काय आहे? तर म्हणाले, एवढे फोन लावल्यावर माणसाला चहा लागतो.

सर्वांत शेवटचा रकाना होता स्वभावाचा. रक्तदात्यांच्या यादीत स्वभाव. मी हा रकाना पहिल्यांदा वाचला तेव्हा दात ओठ खाल्ले. 'सुई बघून चक्कर येते, बोलत ऱ्हावं.' 'बायकोनं फोन उचलला तर पावसापाण्याचं बोलून ठेवावा.' 'लई बोलतो, पण येतो.' 'येताना शेंगाचटणी आणतो, घ्यावी.' हे सगळं त्या बिचाऱ्या लायब्ररीने कुठे ठेवायचं होतं? सोलापूर स्टँडच्या शीटमध्ये अगदी पहिल्या ओळीत मामांचं स्वतःचं नाव होतं, आणि त्यापुढे स्वभाव एकाच शब्दात लिहिला होता: 'कधीबी.'

याच्यावर कडी म्हणजे रिकाम्या ओळी. माणसं चालू असताना मध्येच एक ओळ पूर्ण कोरी. नाव नाही, गाव नाही, काही नाही, फक्त पहिल्या चौकटीला फिकट गुलाबी रंग फासलेला. आणि यादी संपल्यावर खाली, पार शीटच्या तळापर्यंत, लाखो कोऱ्या ओळींना ठसठशीत रेघा मारलेल्या. का, तर शोभा दिसते. माझा प्रोग्राम त्या कोऱ्या ओळी वाचत वाचत खाली उतरायचा आणि दमून पडायचा. मी रेघा पुसल्या की पुढच्या महिन्यात मामा त्या पुन्हा मारून पाठवायचे. शेवटी फोनवर आमचं कडाक्याचं वाजलं. मी आवाज चढवून म्हणाले, मामा, ही यादी आहे, गाडी नाही. ते शांतपणे म्हणाले, "मग चालंल कशी?"

त्या दुपारी रागाच्या भरात मी प्रोग्रामला एक नियम शिकवला. एक ओळ कोरी दिसली तर सोडून पुढे जा. सलग दोन कोऱ्या दिसल्या की यादी संपली समज आणि वाचणं थांबव. रंगाकडे ती लायब्ररी बघत नव्हतीच. ती फक्त चौकटीत काय लिहिलंय ते बघते. नियम झकास चालला. प्रोग्राम डोळ्याचं पातं लवायच्या आत फाइल वाचायला लागला. चहाला थांबायची ओळ मी गाळून टाकली, गावं ओळी-ओळीत नीट भरली, स्वभावाचा रकाना फेकून दिला. अ‍ॅप सुरू झालं, दवाखान्यातून कुणीतरी आभाराचा मेसेज पाठवला आणि मी तो मामांना मुद्दाम वाचून दाखवला.

आमच्या पलीकडच्या घरात अक्का राहतात. यंत्रमागावर चादरी विणणारं तेलुगू कुटुंब. मी या गल्लीत नवी असताना मला पहिल्यांदा हाक मारून घरात बोलावलं ते अक्कांनी. त्यांची लेक बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सिझर करायचं ठरलं होतं आणि डॉक्टरांनी ओ निगेटिव्हच्या दोन बाटल्या हाताशी हव्यात म्हणून सांगितलं होतं. रक्तपेढीत एकच होती. संध्याकाळपर्यंत एक माणूस मिळायला हवा होता. अक्का दुपारी आमच्या दारात आल्या, कारण मीच महिनाभर गल्लीत माझ्या अ‍ॅपचा डंका पिटला होता. मी मोठ्या रुबाबात फोन काढला, रक्तगट टाकला. दोन नावं आली. पहिल्याने गेल्याच महिन्यात रक्त दिलं होतं. दुसरा कामासाठी गुजरातेत गेला होता. स्क्रीनवर खाली मीच लिहून ठेवलेलं वाक्य होतं, 'आणखी कुणी नाही'. तेच मी अक्कांना ठामपणे वाचून दाखवलं. मी म्हणाले, मामांची सगळी यादी यात आहे, याच्याबाहेर कुणी नाहीच. अक्का आमच्या पायरीवर बसल्या आणि पदराने तोंड पुसत राहिल्या.

मग मी मामांना फोन लावला. खरं सांगते, मदतीसाठी नव्हे, भांडायलाच. एवढी वर्षं वह्या भरल्या आणि ओ निगेटिव्हची दोनच माणसं कशी, हे मला विचारायचं होतं. मामा म्हणाले, दोन कशानं? अक्कलकोटात एक, दुधनीत दोन हायत की. मी म्हटलं, अ‍ॅपमध्ये अक्कलकोटचं कुणीच नाही. ते म्हणाले, "म्हंजे तुजी गाडी वळसंगातच थांबली, सूनबाई."

मला काही कळेना. ते म्हणाले, वळसंगात दोन सीटा मोकळ्या हायत एकाशेजारी एक, तितनं पुढं गाडी गेली नसंल. एवढं बोलून फोन ठेवला. मी लॅपटॉप उघडला. अक्कलकोटच्या शीटमध्ये वळसंगच्या माणसांनंतर सलग दोन कोऱ्या ओळी होत्या, दोन गुलाबी चौकटी. माझा प्रोग्राम तिथे थांबला होता. त्याखाली साठ-सत्तर माणसं होती, अक्कलकोट, दुधनी आणि मधली गावं. मी पहिल्या दिवसापासून ती सगळी माणसं दवाखान्यांपासून लपवून ठेवली होती, आणि वर आभाराचे मेसेज वाचून दाखवत होते. मला आठवतं, मी लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की अक्का दचकून उभ्या राहिल्या.

मामांनी दुधनीच्या एका माणसाला फोन लावला. तो कानडी बोलणारा किराणा दुकानदार. आधी त्याच्या बायकोने उचलला, तेव्हा मामा तिच्याशी कानडीत पावसापाण्याचं बोलले, दुकानदार आला तेव्हा कामाचं बोलले. तो दुकान भावावर सोपवून निघाला. मामा स्वतः स्टँडवर जाऊन उभे राहिले, गाडी लागली तशी त्याला उतरवून घेतलं आणि रिक्षात घालून रक्तपेढीत आणलं. मी तिथेच होते. त्याने शर्टाची बाही वर केली आणि दुसऱ्या हाताने पिशवीतून शेंगाचटणीची पुडी काढून माझ्यासमोर धरली. घ्यावी, असं स्वभावाच्या रकान्यात लिहिलेलं होतं आणि तो रकाना मी फेकून दिला होता. मी पुडी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांच्या लेकीला मुलगी झाली आणि दुसरी बाटलीही लागली.

आदल्या संध्याकाळी रक्तपेढीतून घरी येताना मी मामांना विचारलं, त्या दोन ओळी कोऱ्या का ठेवल्या होत्या. म्हणाले, दोघं भाऊ होते वळसंगचे. दोघंबी दर तीन महिन्याला यायचे, एकाच मोटारसायकलवर. एक दिवस तशेच दोघं एकाच मोटारसायकलवर गेले. मग मी म्हटलं, ओळ पुसून टाकायची, कोरी कशाला ठेवायची? मामा रिक्षाच्या बाहेर बघत होते.

"स्टँडवर खिडकीतनं रुमाल टाकत्यात न्हाय का सीटवर, तसा रुमाल टाकलाय. रुमाल असला की मी बत्तीस वर्षात कुणाला त्या जागी बसू दिलं न्हाय."

मला त्याचाही राग आला. माणसाने असं काही मनात ठेवावं आणि त्याचा एक रकाना करू नये, एक शब्द लिहू नये, नुसता फिकट गुलाबी रंग फासावा आणि तो जगाने ओळखावा अशी अपेक्षा करावी, हा अडाणीपणा नाही तर काय आहे? पण त्याहून मोठा राग माझा माझ्यावर होता. मी रोज लोकांच्या फायली वाचते आणि कोरी चौकट दिसली की तिथे काही नाही असं समजते. विचारत नाही. त्या दिवशी मी घरी येऊन जेवलेसुद्धा नाही. नवरा समजूत घालायला आला तर त्याच्यावर ओरडले.

मग मी प्रोग्राम पुन्हा लिहिला. लायब्ररीला चौकटींचा रंगही वाचायला लावला. तशी सोय तिच्यात होती, मीच कधी वापरली नव्हती. गुलाबी दिसलं की 'रुमाल' म्हणून नोंद होते आणि गाडी पुढे जाते. स्वभावाचा रकाना परत आणला. 'गाडी दहा मिनिटं थांबेल' हेसुद्धा ठेवलं, नावांची यादी उघडून खाली सरकवत गेलं की वैरागनंतर दिसतं. शिवाय दर महिन्याला किती माणसं, किती रुमाल, मागच्या महिन्यापेक्षा फरक किती, हे प्रोग्राम मला सांगायला लागला. सगळ्या शीटांत मिळून तेवीस रुमाल निघाले. मामांना मी हा आकडा विचारला, तर न मोजता तेवीस म्हणाले.

गेल्या महिन्यात मी फाइल चालवली आणि प्रोग्रामने सांगितलं, एक माणूस कमी, रुमाल तेवढेच. एक ओळ कोरी झाली होती आणि तिला रंग नव्हता. सोलापूर स्टँडची शीट, पहिली ओळ.

मी फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. तेवढ्या वेळात माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते मी इथे लिहीत नाही. मग मामांनी उचलला, तोंडात घास होता, आणि म्हणाले, जेवतोय, काय झालं? मी इतकी ओरडले की त्यांना फोन कानापासून लांब धरावा लागला असेल. अशी ओळ पुसतात का, माणसाचा जीव जाईल, काही अक्कल आहे की नाही, हे सगळं मी माझ्या मामेसासऱ्यांना म्हणाले. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग सांगितलं, पासष्ट भरली, आता रक्त घेत नाहीत. परवा नेहमीसारखे गेले होते, डॉक्टरीणबाईंनी कार्डावरचं वय बघितलं, पाणी पाजलं आणि परत पाठवलं.

"तिकीट संपलं, सूनबाई. उतरलो."

मी विचारलं, मग रुमाल का नाही टाकला? तर म्हणाले, रुमाल गेलेल्याला असतो, मी अजून हाय की. हे ते इतकं सरळ म्हणाले, की जणू दुधनीची गाडी किती वाजता हे सांगत होते. पहिल्यांदाच मला त्यांचा आवाज म्हातारा वाटला. आणि मला पुन्हा संताप आला, त्या नियमावर, त्या कार्डावर, आणि निमूट आपलंच नाव पुसून टाकणाऱ्या या माणसावर.

मी म्हणाले, "मामा, कंडक्टरला तिकीट कधीपासून लागायला लागलं?"

पलीकडे जेवणं थांबलं होतं. मग ते हळूच म्हणाले, "भर मग ओळ. स्वभाव तेवढा बदल. रगत न्हाय, फोन लावतो, आसं लिही."

ओळ मी भरली. नाव, स्टँड, फोन. स्वभाव मात्र बदलला नाही, 'कधीबी' तसंच ठेवलं. रक्त देण्यासाठी त्यांना कुणी बोलावू नये, म्हणून रक्तगट टाकल्यावर त्यांचं नाव येत नाही. पण अ‍ॅपमध्ये कुणी शोधलं आणि नावं संपली, की तिथे आता 'आणखी कुणी नाही' असं येत नाही. तिथे मामांचं नाव आणि नंबर येतो. हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा ते त्यांच्या सवयीप्रमाणे बरं म्हणाले आणि मग विचारलं, शीटच्या खाली रेघा मारलेल्या चालतील का. मी चालतील म्हणाले. या महिन्यातही त्यांनी पार तळापर्यंत रेघा मारून पाठवल्या आहेत आणि एका चौकटीत तीन फोन नंबर घातले आहेत. मी त्यांच्यावर चिडूनच ते वेगळे करते आहे, आणि असं चिडायला मला अजून पुष्कळ महिने मिळावेत एवढंच वाटतं.